शाळाबाह्य मुलांची पाहणी : प्रश्न कसे विचारावेत

शाळाबाह्य मुलांच्या पाहणीचा तक्ता हाती पडला म्हणजे त्यातील रकाने भरणे एवढेच शिक्षकाचे काम, असा समज सहज होतो. परंतु रकान्यात पडणारे उत्तर पुष्कळ अंशी प्रश्नावर अवलंबून असते. जे मूल तक्त्यावर 'शाळेत जाते' असे लागले, ते शाळाबाह्य मुलांच्या मोजणीतून सुटते.

"मूल शाळेत जाते ना?" हा प्रश्न सर्रास विचारला जातो. त्यातील 'ना' या एका अक्षराने उत्तर आधीच सांगून टाकलेले असते. विचारणारे गुरुजी, भोवती शेजारी. अशा वेळी 'जात नाही' म्हणण्यास कोणता बाप धजेल? त्याऐवजी "काल दिवसभर पोर कोठे होते?" आणि "शाळेत शेवटचे केव्हा गेले?" असे विचारावे. पहिला प्रश्न सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी विचारू नये, हे ओघानेच आले. ६ ते १४ वयाचे जे मूल पटावर नाही, ते तर शाळाबाह्य आहेच. पण पटावर असून महिना वा अधिक काळ सतत गैरहजर असलेले मूलही शाळाबाह्यच गणले जाते. म्हणून पटावरील नाव हा पुरावा धरता येत नाही.

"मुले किती?" या प्रश्नाचेही तसेच. तान्ह्या भावंडास सांभाळणारी थोरली मुलगी, आजोळी राहिलेला भाचा, कामाला ठेवलेला पोरगा ही नावे त्यात गळतात. "काल रात्री या घरात कोण कोण निजले?" असे विचारून थोरापासून धाकट्यापर्यंत नावे लिहावीत. त्यानंतर "घरचे कोणी बाहेरगावी आहे काय?" हे विचारावे. दोन्ही प्रश्न एका वाक्यात गुंफू नयेत.

वयाचा रकाना सर्वांत फसवा. अंदाजाने वय सांगताना माणूस पाच, दहा, पंधरा अशा ठोक आकड्यांवर येतो. भारतीय जनगणनेतही शून्य व पाच या अंकांनी संपणारी वये वाजवीपेक्षा अधिक आढळत आली आहेत. आता १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याची मर्यादा ६ ते १४ अशी आहे. म्हणजे सहा वर्षांचे मूल 'पाचाचे' व चौदाची मुलगी 'पंधराची' सांगितली, की दोघेही नेमके कायद्याच्या कुंपणाबाहेर पडतात! जन्मदाखला किंवा अंगणवाडीची नोंद पाहावी. ती नसेल तर ठळक प्रसंगाचा आधार घ्यावा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मूल रांगत होते की चालत होते, हे आईला बिनचूक आठवते.

पाहणी कोणत्या महिन्यात केली, यावरही आकडा फिरतो. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी अशी पाहणी झाली, आणि अनेक मुले मोजणीतून सुटल्याचा आक्षेप पुढे आला. जुलैत ऊसतोडीची कुटुंबे बहुधा गावीच असतात. त्यांची मुले वर्गातही दिसतात. हीच मुले दिवाळीच्या सुमारास फडावर जातात. तेव्हा "गेल्या हंगामात मूल कोठे होते?" हा प्रश्न पावसाळ्यातील पाहणीत असलाच पाहिजे.

घराला कुलूप असल्यास 'कुलूप' असेच लिहावे व सायंकाळी पुन्हा जावे. शेजाऱ्याला विचारून तक्ता पुरा करणे ही सोय झाली, माहिती नव्हे. 'नाही', 'माहीत नाही' व 'विचारले नाही' यांसाठी वेगवेगळ्या खुणा ठेवाव्यात. रिकामा चौकोन पुढे तालुक्याच्या बेरजेत शून्य म्हणून धरला जाण्याचा धोका असतो.

प्रश्न पक्के करण्यापूर्वी एखाद्या वस्तीवरील पाच-सहा घरी ते विचारून पाहावेत, आणि दोन दिवसांनी त्याच घरी दुसऱ्या शिक्षकास पाठवावे. दोघांची उत्तरे जेथे जुळत नाहीत, तेथे घरच्यांना खोटे ठरविण्याआधी प्रश्नाची शब्दरचना तपासावी.