जोडलंय, पण उघडत नाही

जुलै २००८ मध्ये अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. तपास करणारे माग काढत पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या वाय-फायपाशी. तिथे भाड्याने राहणाऱ्या अमेरिकी गृहस्थाचे वाय-फाय उघडे होते आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरले होते. चौकशीचा ससेमिरा मात्र त्या गृहस्थामागे लागला. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय हुडकत शहरात फिरण्याची मोहीम जाहीर केली, ती या अनुभवानंतर.

आता बिनपासवर्डचे वाय-फाय सोसायटीत शोधूनही सापडत नाही. पण कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवावी, तशी बहुतेक घरांची तऱ्हा आहे. फायबर जोडायला आलेला पोरगा घाईत असतो, त्याला दुपारपर्यंत आणखी चार घरे उरकायची असतात. तो ग्राहकाचा मोबाइल नंबर हाच वाय-फायचा पासवर्ड ठेवतो, भिंतीत जिथून तार आली तिथेच राउटरचा डबा ठोकतो, फोनवर एखादा व्हिडिओ चालवून दाखवतो आणि निघतो. प्रस्तुत लेखकाच्या घरीही असेच घडले. डबा बसला चपलांच्या कपाटावर, पत्र्याच्या मीटर-पेटीला खेटून.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. राउटरला पासवर्ड दोन असतात. एक वाय-फायचा, जो पाहुण्यांना सांगितला जातो. दुसरा राउटरच्या आतल्या पानाचा, जिथे सगळ्या सेटिंग असतात. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकले की ते पान उघडते, आणि कित्येक डब्यांवर तिथे कारखान्यातून आलेले ‘ॲडमिन-ॲडमिन’ तसेच असते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने याच आळसावर आपली फौज उभी केली. कारखान्यातल्या नाव-पासवर्डच्या साठेक ठरावीक जोड्या त्याच्याजवळ होत्या. त्या लावून पाहत त्याने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि घरगुती राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत काही तास अडखळल्या. ज्यांचे कॅमेरे या कामी लागले, त्यांना याचा पत्ताही नव्हता.

म्हणून नवा डबा आला की आधी आतल्या पानाचा पासवर्ड बदलावा, मग वाय-फायचा. सुरक्षेच्या यादीत डब्लूपीए३ दिसत असेल तर ते निवडावे, नसेल तर डब्लूपीए२. डब्लूपीएस हे बटन-पिनचे प्रकरण सरळ बंद करावे. त्याचा पिन आठ आकडी असतो, त्यामुळे कोट्यवधी शक्यता आहेत असे वाटते. पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणून चोराला फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. ही फट २०११ मध्येच उघड झाली, तरी ते बटन अजून डब्यांवर असते. बाहेरून व्यवस्थापन करू देणारी ‘रिमोट मॅनेजमेंट’ची सोयही घरात कुणाला लागत नाही. तीही बंद.

आता जागेचे. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडते, पण तिच्यावर गर्दी फार, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही साधारण त्याच लहरीवर चालतो. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण सिमेंट-काँक्रीटच्या दोन भिंती आडव्या आल्या की ती मान टाकते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी ही दोन्हींची शत्रू. २.४ वर चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांच्या पायात येत नाहीत. मजल्यावरच्या चार घरांचे डबे एकाच चॅनेलवर असतील, तर आपला वेगळ्यावर न्यावा. लेखकाच्या घरी दहा मीटर केबल ओढून डबा चपलांच्या कपाटावरून दिवाणखान्याच्या मध्यावर, उंच फळीवर गेला, आणि मागच्या खोलीतली ‘नेट गेलं’ ही आरोळी बंद झाली. त्याआधी याच तक्रारीवर कंपनीच्या ग्राहकसेवेने जास्त वेगाचा, महागाचा प्लॅन सुचवला होता. वेग वाढवून भिंत पातळ होत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

खरी परीक्षा पुढे होती. लेखकाच्या वहिनी एका लेखापरीक्षकांच्या कार्यालयात काम करतात आणि आठवड्यातले काही दिवस ते घरूनच करतात. कार्यालयाच्या सर्व्हरवर हिशेबाचे फोल्डर, आणि तिथवर जायला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून काढलेला गुप्त बोगदा. लॅपटॉपवर व्हीपीएनचे चिन्ह हिरवे व्हायचे, ‘कनेक्टेड’ असे दिसायचे, ईमेल यायची, बातम्या उघडायच्या. फोल्डर मात्र उघडायचे नाही. ग्राहकसेवा म्हणाली, “मॅडम, आमच्याकडून स्पीड पूर्ण येतोय.” कार्यालयातला संगणक सांभाळणारा मुलगा म्हणाला, “ताई, बाकी सगळ्यांचं चालतंय, तुमच्या नेटचाच काहीतरी घोळ आहे.” गंमत म्हणजे दोघेही खरे बोलत होते.

गुंता सुटला तो फोनच्या हॉटस्पॉटने. लॅपटॉप घरच्या वाय-फायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला, आणि फोल्डर लगेच उघडले. लॅपटॉप, व्हीपीएन आणि सर्व्हर असे तिघे त्या एका चाचणीत निर्दोष सुटले. उरले घरातले जाळे.

घरातल्या आणि कार्यालयातल्या जाळ्यांना वापरायला काही खासगी पत्ते राखून ठेवलेले आहेत. १९९६ मध्ये ठरलेल्या नियमानुसार १०ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ने सुरू होणारे. हे पत्ते कुणीही वापरावेत, अट एवढीच की आपल्या जाळ्यात दुहेरी होऊ नयेत. पण कारखाने आळशी असतात आणि बसवणारे त्याहून. त्यामुळे लाखो डबे १९२.१६८.१ वरच चालतात. वहिनींच्या घरचा डबा तसाच होता, आणि कार्यालयाचे जाळेही तेच. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२० असल्यामुळे लॅपटॉपला वाटायचे की तो याच घरात, टीव्हीच्या शेजारी कुठेतरी असणार. म्हणून तो व्हीपीएनच्या बोगद्यात न शिरता घरातच हाका मारत बसायचा. हॉटस्पॉटचे पत्ते वेगळ्या मालिकेतले असतात, म्हणून तिथे गोंधळ झाला नाही.

उपाय दोन मिनिटांचा. राउटरच्या आतल्या पानावर ‘लॅन’ विभागात जाऊन पत्ता १९२.१६८.१.१ ऐवजी, समजा, १९२.१६८.७७.१ करायचा आणि डबा पुन्हा चालू करायचा. फोन, लॅपटॉप आपोआप नवे पत्ते घेतात. ज्या प्रिंटरला किंवा कॅमेऱ्याला हाताने पत्ता दिला असेल, तो मात्र जुन्या पत्त्यावर रुसून बसतो. त्याचा पत्ता त्याच दिवशी बदलून टाकलेला बरा. कंपनीच्या डब्याला आपला वेगळा राउटर जोडलेल्या घरांतही हीच टक्कर होते. दोघांचा पत्ता एकच असला की इंटरनेटच बंद पडते. तिथे पत्ता बदलावा, नाहीतर कंपनीला सांगून त्यांचा डबा ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून घ्यावा, म्हणजे राउटरचे काम एकच जण करतो.

यानंतर फोल्डर उघडू लागले, पण मोठी फाइल अर्ध्यावर अडायची. लहान मजकूर सुळकन जायचा, वीस एमबीची फाइल तशीच ताटकळायची. या लक्षणाला एमटीयू कारणीभूत असतो, म्हणजे एका पाकिटात किती बाइट मावतात याची मर्यादा. साध्या इथरनेटवर ती १,५०० असते. लाइनला युजरनेम-पासवर्ड लावून जोडणाऱ्या पीपीपीओई पद्धतीत त्यातले ८ खर्च होतात, १,४९२ उरतात. व्हीपीएन प्रत्येक पाकिटाला आपले वेष्टन चढवतो, तेव्हा आणखी जागा जाते. वाटेतला एखादा डबा मोठी पाकिटे न कळवता टाकून देत असेल, तर मोठे काम तेवढे बुडते. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये एमटीयू १,४०० वर आणला की बहुधा निभावते. तरी अडलेच, तर १,२८० पर्यंत उतरावे.

आणखी एक खोड आहे, ती वीज जाणाऱ्या गावांत जास्त जाणवते. स्वस्त राउटरमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. वीज जाऊन आली की त्याची तारीख कित्येक वर्षे मागे सरकते, आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तशीच राहते. व्हीपीएन राउटरवरच चालवला असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला ‘अजून लागू न झालेले’ वाटते आणि जोडणी नाकारली जाते. बारा व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस घेतला की या दुखण्यासोबत इतरही दुखणी जातात.

या साऱ्या काळात ग्राहकसेवेचा एक सल्ला प्रत्येक फोनवर ठरलेला असायचा: “सर, मागचं बटन टाचणीने दाबून रिसेट करा.” हे करू नये. बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणे वेगळे आणि रिसेट वेगळे. रिसेटने डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. त्यातला पीपीपीओईचा युजरनेम, पासवर्ड आणि कंपनीची सेटिंग पुसली जाते. मग माणूस येईपर्यंत घर बिननेटचे, आणि शनिवारी दुपारी दाबले असेल तर तो सोमवारी उगवतो. आतल्या पानांचे फोटो आधी फोनमध्ये काढून ठेवलेले असतील, तरच त्या बटनाला हात लावावा. डब्यावरचा एलओएसचा दिवा लाल असेल, तर रिसेटने काहीही होणार नाही. प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे तार कुठेतरी तुटली किंवा वाकली आहे. तिथे लाइनमनला पर्याय नाही.

उलट्या दिशेचा व्हीपीएनही अनेकांना हवा असतो. मुलगा पुण्यात, आई-वडील वाईला, आणि घराचा कॅमेरा पुण्याहून बघायचा. वाईच्या राउटरवर व्हीपीएन सर्व्हर सुरू केला, पोर्ट उघडले, सगळे नियमानुसार केले, तरी बाहेरून दार उघडत नाही. अशा वेळी राउटरच्या स्थिती-पानावर ‘वॅन’चा पत्ता बघावा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. या घराला बाहेरून थेट हाक मारताच येत नाही, पोर्ट कितीही उघडली तरी. जास्तीचे पैसे भरून स्थिर पत्ता घेता येतो. आयपीव्ही६ दोन्हीकडे चालत असेल तर तो मार्ग आहे. नाहीतर टेलस्केलसारखी सोय, ज्यात दोन्ही घरे आतून बाहेर जोडणी करतात आणि मध्ये भेटतात. नवे काही उभारायचेच असेल तर वायरगार्ड हलके आणि सुटसुटीत आहे, मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाले. जुन्या पीपीटीपीच्या वाटेला जाऊ नये. त्याची पासवर्ड-तपासणी २०१२ मध्येच फोडून दाखवली गेली.

फुकटच्या व्हीपीएन ॲपांविषयी तर हात जोडून सांगावे लागते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. १८ टक्के ॲप मजकूर गुप्त करतच नव्हती आणि ३८ टक्क्यांत घातक प्रोग्रॅमच्या खुणा होत्या. २०१५ मध्ये ‘होला’ नावाच्या फुकट सेवेबद्दल कळले की ती आपल्या वापरकर्त्यांची जोडणी तिसऱ्यांना विकते, म्हणजे सानपाड्यात जे उघड्या राउटरमुळे झाले, ते इथे ग्राहकाच्या संमतीच्या टिकमार्कवर चालले होते. पैसे भरून घेतलेल्या सेवेचेही भारतात नियम आहेत. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षे ठेवणे बंधनकारक केले. त्यावर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच काढून घेतले. बँकेचे ॲप घरच्या वाय-फायवर आधीच गुप्त भाषेत बोलते, तिथे असले ॲप लावून काही वाढत नाही.

नवी लाइन घेताना हे सगळे जोडायला आलेला माणूस घरी असतानाच विचारून टाकावे. सार्वजनिक पत्ता मिळेल की सीजीनॅट? स्थिर पत्त्याचे महिन्याला किती? आपला राउटर लावायचा तर डबा ब्रिज मोडवर टाकून देणार का? पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड कागदावर मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण “त्याची गरज नाही पडत सर” म्हणतात. तरी लिहून घ्यावा, आणि तो कागद वीजबिलांच्या फाइलीत ठेवावा.