खेळाचा तास कापू नकोस

अगं, पालकसभेत एका बाबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "पोरं नुसती खेळतात, मग फी कशाची?" आणि तुला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही, एवढंच झालंय. त्यासाठी खेळाचा तास निम्मा करायचा आणि साडेतीन-चार वर्षांच्या पोरांना अक्षरं गिरवायला बसवायचं, हा निर्णय मात्र घाईचा होतोय. मुख्याध्यापिकांना सांगण्याआधी माझं ऐकून घे.

त्या बाबांवर रागावू नकोस. शेजारची मुलगी वहीची पानंच्या पानं भरून आणते आणि आपला लेक कपडे मळवून येतो, हे रोज बघणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येणारच. पोटाला चिमटा घेऊन फी भरलेली असते. त्यांची काळजी खरी आहे, पण तिचं ओझं चार वर्षांच्या बोटांवर का टाकायचं?

आणि ती बोटं, तो हात किती कोवळा असतो बघ. आपल्या मनगटात 8 छोटी हाडं असतात. जन्मताना ती कूर्चेचीच असतात, मग वर्षानुवर्षं एकेक करून टणक होत जातात, आणि शेवटच्या हाडाची पाळी यायला नववं-दहावं वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. पेन्सिल मुठीत आवळून धरणारं मूल हट्टी नसतं गं, बोटांत जोर आणि वळण अजून यायचं असतं. ते येतं कणीक मळून, मणी ओवून, ओला रुमाल पिळून, फांदीला लोंबकळून, चिंचोके चिमटीत उचलून. हात तयार नसताना पानभर 'क' गिरवायला लावला, तर अक्षराच्या आधी मूल 'मला जमत नाही' हेच शिकतं. ते पुसायला फार वर्षं लागतात.

मागे मी तुझ्या वर्गात येऊन बसले होते, त्या दिवशीचा एसटीचा खेळ आठवतो का? खुर्च्यांच्या दोन रांगा, गळ्यात पिशवी अडकवलेला कंडक्टर, जुन्या कॅलेंडरचे तुकडे म्हणजे तिकिटं. एक मुलगी बाहुलीला कडेवर घेऊन चढली आणि म्हणाली, "एक फुल, एक हाफ." कंडक्टरने विचारलं, "बाळ किती वर्षांचं?" ती म्हणाली, "चार." तो म्हणाला, "मग हाफ लागत नाही, पाच झाल्यावर लागतं." अगदी बरोबर होता तो! एवढ्यात ताटलीच्या स्टिअरिंगवरून दोघांची जुंपली. मी श्वास रोखून बघत होते. त्यांनीच तोडगा काढला, स्वारगेटला ड्रायव्हर बदलायचा. आणि पहिला ड्रायव्हर, जो एरवी एक मिनिट थांबत नाही, तो स्वारगेट आल्यावर खरंच उतरला.

त्या दहा मिनिटांत काय नव्हतं? मोजणं होतं, नियम होता, दुसऱ्याचं म्हणणं ऐकणं होतं, स्वतःला आवरणं होतं, एरवी तुझ्याशी दोन शब्द बोलणाऱ्या मुलांची लांबलचक वाक्यं होती. मग तू उठून गेलीस आणि विचारलंस, "तिकिटाचा रंग कोणता? एकूण तिकिटं किती?" त्यांनी शहाण्यासारखी उत्तरं दिली, आणि दोन मिनिटांत एसटी रिकामी झाली. हे तुला बोल लावायला सांगत नाही. आपल्या सगळ्यांना असंच घडवलंय, मुलाला प्रश्न विचारला म्हणजे शिकवलं. पण खेळ मुलांनी मांडलेला असतो. आत जायचंच असेल तर प्रवासी होऊन जा. "नाशिकला जाते का हो गाडी? सामानाचं वेगळं तिकीट पडेल का?" बघ मग काय होतं ते.

बालवाडीच्या ताईचं निम्मं काम मुलं यायच्या आधीच झालेलं असतं, कोणत्या कोपऱ्यात काय ठेवायचं, काल काय रंगलं आणि आज त्यात काय भर घालायची. उरलेलं निम्मं म्हणजे बघणं. कोण कुणाशी खेळतं, कुणाला कधीच ड्रायव्हर होऊ देत नाहीत, ती कोपऱ्यात उभी राहणारी मुलगी नुसती बघते आहे की तिला आत यायचंय आणि वाट सापडत नाही. हे काम फार थकवणारं आहे, गिरवून घेण्यापेक्षा कितीतरी अवघड. आणि त्याला सलग वेळ लागतो. कोण कोण होणार हे ठरवण्यातच मुलांची पंधरा मिनिटं जातात. तास निम्मा केलास तर खेळ रंगायच्या आतच घंटा होईल.

हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करत होत्या, तिथे 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ सुरू झाला. पुढे पन्नाशी उलटल्यावर 1945 साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मॉन्टेसरीची महागडी साधनं गावाला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं, बांबू यांचीच साधनं केली. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की मूल शाळेत बसत नाही याचा दोष या बायकांनी मुलाला दिला नाही, त्यांनी शाळाच बदलली.

आणि खेळ ही आपण मुलांना दिलेली सवलत नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत 31 व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे, आणि 1992 मध्ये भारताने ती संहिता मान्य केली. म्हणून डबा संपवला नाही, दंगा केला, तर खेळायला सोडणार नाही, ही शिक्षा तुझ्या वर्गात तरी नको. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही त्यालाच ती रोज मिळते, आणि हिंडण्या-धावण्याची गरज सर्वांत जास्त त्यालाच असते. आपल्या 2020 च्या शिक्षण धोरणातही 3 ते 8 वर्षं हा एक सलग टप्पा धरलाय आणि तिथे खेळातून शिकणंच मध्यभागी आहे. मुख्याध्यापिकांशी बोलताना हे हाताशी असू दे.

पालकांना मात्र कलमं सांगू नकोस. त्यांना त्यांचं मूल दाखव. एक वही कर, रोज दोन मुलांबद्दल तीन-चार ओळी लिही. 'आज हिने मोठा ठोकळा खाली ठेवला तर मनोरा पडत नाही हे शोधून काढलं.' पुढच्या सभेत ज्याचं त्याला वाचून दाखव. आणि खोटा दिलासा देऊ नकोस. नुसतं खेळून अक्षरं आपोआप येत नाहीत, हे मान्य कर. गोष्टीची पुस्तकं रोज वाचून दाखवतो, बडबडगीतांतून आवाज ओळखतो, डब्याच्या खणावर प्रत्येकाचं नाव लिहिलंय ते मुलं ओळखतात, लिहिणं वेळेवर सुरू करू, असं ठामपणे सांग. ताईला नेमकं काय करतोय ते ठाऊक आहे हे दिसलं, की बहुतेक पालक शांत होतात. एखादे होणार नाहीत, तेही चालेल.

तुझ्या कोपऱ्यांत सामान कमी आहे, ते मला तेव्हाच जाणवलं होतं. रंगीत प्लॅस्टिकची खेळणी विकत आणू नकोस, त्यांचं एकच काहीतरी होतं. आईच्या दोन सुती साड्या, घासलेल्या करवंट्या आणि फ्रिजचं मोठं खोकं मी रविवारी घेऊन येते. खोक्याला दार कुठे कापायचं ते मुलांनाच विचारू.