दप्तर, नमाज आणि मुलांची शिस्त

ह. अनस (रजि.) प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आले तेव्हा ते सुमारे दहा वर्षांचे होते. एकदा प्रेषितांनी (स.) त्यांना एका कामासाठी पाठविले. वाटेत बाजारात मुले खेळत होती, अनस (रजि.) तेथेच थांबले. इतक्यात मागून कोणी त्यांची मान धरली. वळून पाहतात तो प्रेषित (स.) हसत उभे! त्यांनी लाडाने ‘उनैस’ अशी हाक मारली आणि सांगितलेल्या कामाला गेलास का, एवढेच विचारले. ‘सहीह मुस्लिम’मध्ये ही घटना नमूद आहे.

आता आपल्या घरातील सकाळ आठवा. गणिताची वही सापडत नाही, रिक्षा दारात उभी आहे आणि अम्मीचा आवाज चढलेला आहे. अखेर दप्तर तीच भरून देते. त्या दिवशी मुलाची शिक्षा टळते खरी. परंतु आपले सामान सांभाळणे ही आपली जबाबदारी आहे, हे त्याला उमगत नाही. सवय लागण्यास वेळ द्यावा लागतो. मुलांना सातव्या वर्षी नमाजची आज्ञा द्यावी, सक्ती मात्र दहाव्या वर्षी, अशी हदीसची शिकवण आहे. मध्ये तीन वर्षे मिळतात. दप्तराच्या बाबतीत आपण तीन दिवसही धीर धरीत नाही.

नमाजी घराला वेळापत्रक मुळातच लाभलेले असते. मगरिबनंतर गृहपाठ आणि ईशापूर्वी दप्तर, एवढा क्रम पुरेसा आहे. घड्याळाचा हट्ट नको. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. क्रम मात्र बदलत नाही. उद्याच्या तासिका पाहून वह्या मुलानेच काढाव्यात. आईवडिलांनी आरंभी शेजारी बसावे, काही आठवड्यांनी केवळ विचारावे, पुढे तेही सोडावे. एखादे दिवशी वही घरी राहिलीच, तर ती घेऊन शाळेकडे धावू नये. हे कठोर वाटेल, पण रोजच्या आरडाओरड्यापेक्षा सौम्यच आहे.

मकतबला जाणाऱ्या मुलांचा प्रश्न थोडा निराळा. नूरानी कायदा आणि सिपारा डब्याखाली, ओल्या बाटलीशेजारी कोंबलेला आढळतो. त्यासाठी स्वतंत्र कापडी पिशवी शिवून द्यावी आणि परतल्यावर ती खुंटीला टांगण्याचे काम मुलाकडेच ठेवावे. अब्बांच्या गाडीची चावी रोज सकाळी हरवत असेल, तर तीही त्याच खुंटीला टांगलेली बरी.