सीटपोस्ट अडकलाय? थंडीची वाट बघा

जुनी ब्रिटिश रोड सायकल टोरांटोत स्वस्तात मिळाली, तर आधी सीटपोस्ट हलतो का पाहा. फ्रेम पोलादी, बहुधा १९३५ मध्ये आलेल्या रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची, पोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा. मध्ये रस्त्यावरच्या मिठाचं पाणी शिरलं की बॅटरीच तयार होते. अ‍ॅल्युमिनियम गंजून फुगतं, घट्ट बसतं.

हातोडा नको, नळी मिलिमीटरहूनही पातळ असते. बरणीच्या झाकणासारखं तापवूही नका! अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पोस्ट आणखी आवळेल. उलट करा. फटीत तेल मुरवा, मग जानेवारीत सायकल रात्रभर बाहेर ठेवा. तापमान ४० अंश उतरलं की २७.२ मिमीचा पोस्ट नळीपेक्षा साधारण ०.०१२ मिमी जास्त आकसतो. गंजाची पकड सुटायला कधीकधी तेवढं पुरतं. सकाळी सीट धरून पिळा, ओढू नका.