फोटोवाल्याची हत्यारे

मुंबईत परळ आणि लालबाग हे भाग एकमेकांना लागून आहेत. पूर्वी इथे कापडाच्या गिरण्या होत्या. घाटावरची आणि कोकणातली पुष्कळ माणसे त्यांत कामाला होती. १९८२ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. आता तिथे उंच इमारती दिसतात. पण काही चाळी अजून उभ्या आहेत. अशाच एका चाळीच्या तळमजल्यावर आमचे फोटोचे दुकान आहे.

दुकान ते केवढे? आत दोन गिऱ्हाइके उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावे, एवढे. पण काम बारमाही. कोणाला पासपोर्टचा फोटो हवा असतो. कोणी लग्नाचा अल्बम करायला येतो. कोणी गावाकडचा फाटका फोटो घेऊन येतो आणि म्हणतो, "दादा, एवढा नीट करून द्या." आणि गणपती आले, की मग काही विचारू नका. मंडळांचे फलक करता करता रात्रीचे दोन वाजतात.

पूर्वी फोटो सुधारायचे काम पेन्सिलीने होई. निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचा डाग झाकत. आता हे काम कॉम्प्युटरवर होते. आम्ही त्यासाठी फोटोशॉप नावाचा प्रोग्राम वापरतो. प्रोग्राम म्हणजे कॉम्प्युटरला काम कसे करायचे ते सांगून ठेवलेले असते, असे समजा. थॉमस आणि जॉन नोल या दोघा अमेरिकन भावांनी तो तयार केला. १९९० साली तो विक्रीला आला.

नवा प्रोग्राम हा रिकाम्या खोलीसारखा असतो. खोलीत राहायला गेलो, की आपण काय करतो? खुंट्या ठोकतो. फळी बसवतो. चुलीजवळ हाताशी येईल असा डबा ठेवतो. फोटोवालाही तेच करतो.

पासपोर्टच्या फोटोचेच बघा. हा फोटो ३५ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच. चार इंच बाय सहा इंच कागदावर असे आठ फोटो बसतात. कापायचे, मापात आणायचे, आठ वेळा मांडायचे. हे दर वेळी हाताने कोण करील? म्हणून ते एकदा करून कॉम्प्युटरला शिकवून ठेवतात. मग एक बटण दाबले, की आठ फोटो मांडून तयार. याला आम्ही ऍक्शन म्हणतो. ब्रशही असेच आपल्या हाताला बसतील असे करून ठेवलेले असतात. या झाल्या आपल्या सेटिंगा.

दुसरी वस्तू प्लगिन. ते एक जोडकाम आहे. दुसऱ्याच कोणी तयार केलेले असते. आपण ते प्रोग्रामला जोडतो. आमच्याकडे चेहऱ्यावरची खरखर कमी करणारे एक प्लगिन होते. पैसे मोजून घेतले होते. जुन्या फोटोला त्याचा मोठा उपयोग होई.

आता प्रोग्रामची नवी आवृत्ती येते. २०१३ सालापासून ही कंपनी प्रोग्राम कायमचा विकण्याऐवजी भाड्याने देऊ लागली. नवी आवृत्ती बहुतेक दरवर्षी येते. नवी घेणे म्हणजे खोली बदलणे. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण नव्या खोलीत नेता येते. भिंतीत ठोकलेल्या खुंट्या मात्र तिथेच राहतात. सेटिंगा या भांड्यांसारख्या आहेत. प्लगिने या खुंट्या आहेत. नव्या आवृत्तीचा खण वेगळा असतो. जुन्या खणातली प्लगिने आपण होऊन त्यात येत नाहीत. ती पुन्हा बसवावी लागतात.

हे आम्हांला कळले कसे, ते सांगतो.

२०१७ साली २५ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. त्याच्या दहा-बारा दिवस आधी आम्ही नवी आवृत्ती घातली. ऐन घाईत असले काम काढू नये, हे आज कळते. कॉम्प्युटरवाला आला. नवी आवृत्ती घालताना पडद्यावर दोन चौकोन दिसतात. एकात खूण ठेवली, की जुन्या सेटिंगा नव्यात येतात. दुसऱ्यात खूण ठेवली, की जुनी आवृत्ती काढून टाकली जाते. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "जुन्या सेटिंगांबरोबर जुनी दुखणी येतात." म्हणून त्याने पहिली खूण काढली. दुसरी राहू दिली. वर जागा होत नाही म्हणून जुनी फोल्डरेही पुसली. आम्ही शेजारी बसून चहा पीत होतो. आम्ही हो म्हटले. त्याला तरी दोष कसा द्यावा?

संध्याकाळी पासपोर्टचे गिऱ्हाईक आले. बटण शोधले, तर बटण नाही. ऍक्शनी गेल्या होत्या. ब्रश गेले होते. प्लगिन पुन्हा बसवू लागलो, तर ते बसेना. ते होते ३२-बिटचे, आणि नवा प्रोग्राम घातला ६४-बिटचा. बैलाच्या पांभरीचे चाडे ट्रॅक्टरला बसेल का? तसेच हे.

पण खरी फजिती पुढेच होती.

सातारा जिल्ह्यातल्या एक मावशी आल्या. मालक गिरणीत होते. त्यांना जाऊन वर्ष होत आले होते. वर्षश्राद्धाला गावी फोटो न्यायचा होता. जवळ फोटो एकच, गिरणीच्या पासावरचा. बोटाच्या पेराएवढा, आणि मधोमध घडी पडलेला. प्लगिन नव्हते. आम्ही चार तास हाताने काम केले. चेहरा चांगला निघाला. खाली 'प्रथम पुण्यस्मरण' आणि नाव टाइप केले. घाईत छापले. फ्रेमही करून टाकली.

मावशींनी फ्रेम हातात घेतली. आधी फोटोकडे बघत राहिल्या. मग खालच्या अक्षरांवर बोट ठेवून वाचू लागल्या. साठी उलटल्यावर त्या रात्रीच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या. पहिल्याच अक्षरावर बोट थांबले.

"दादा, ह्ये पाय मोडल्यालं अक्षर हाय न्हवं?"

"कुठे मावशी?"

"ह्ये काय. 'प्र' असा जोडून लिवत्यात. ह्यो प सुटा, र सुटा. आन् ह्यांच्या नावातली वेलांटी बी पल्याड गेलीया."

आम्ही वाकून पाहिले. मावशी म्हणत होत्या ते खरे होते. जोडाक्षरे फुटली होती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात. ती अक्षराच्या नंतर गेली होती. सबंध दिवस ते नाव आमच्या डोळ्यांसमोर होते. आम्हांला दिसले नाही. सवयीचा माणूस शब्द वाचतो, अक्षर वाचत नाही.

हे झाले कशाने? त्या वेळी फोटोशॉपमध्ये अक्षरे मांडायच्या दोन तऱ्हा होत्या. एक इंग्रजी, चिनी, जपानी लिपींसाठी. दुसरी अरबी आणि आपल्या लिपींसाठी. आपली तऱ्हा सेटिंगमध्ये जाऊन निवडावी लागे. ती आम्ही कधीतरी निवडून ठेवली होती, आणि विसरूनही गेलो होतो. सेटिंगा गेल्या, त्यांबरोबर तीही गेली. (अलीकडच्या आवृत्त्यांत या दोन तऱ्हा एक केल्या आहेत.) सेटिंग बदलले. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. नवा कागद घेऊन अक्षरे पुन्हा टाकली. दुसऱ्या दिवशी मावशींनी ती फ्रेम पुन्हा बोट ठेवून वाचली, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग पिशवीतल्या लुगड्यात गुंडाळली.

मग आमच्या मंडळांच्या फलकांचे काय? दोन छापून गेले होते. ते आमच्या खर्चाने पुन्हा छापले. पासपोर्टची ऍक्शन अर्ध्या तासात नवी केली. पण जुन्या पिवळ्या फोटोंचा रंग सुधारायची एक ऍक्शन होती. तीन वर्षे थोडीथोडी सुधारत आणलेली. ती तशी पुन्हा जमली नाही.

आता आम्ही काय करतो?

दुकानात खिळ्याला एक वही टांगली आहे. तीत प्रत्येक प्लगिनचे नाव, ते कोठून घेतले, त्याचा नंबर, आणि ते ३२-बिटचे की ६४-बिटचे, हे लिहून ठेवले आहे. नवी आवृत्ती घालण्याआधी प्लगिनवाल्याकडे विचारतो, तुमचे हे नव्यात चालते का? नाही म्हणाला, तर थांबतो.

ऍक्शनी फाइल करून पेन ड्राइव्हवर ठेवतो. इथे एक खोच आहे. ऍक्शनी एका पुडक्यात असतात. सुटी ऍक्शन धरली, तर ती ठेवायचा पर्यायच मिळत नाही. पुडके धरावे लागते. ब्रश वगैरे बाहेर काढायला 'एक्स्पोर्ट' आणि परत घ्यायला 'इम्पोर्ट' असे पर्याय मेनूत आहेत. शिवाय सेटिंगांचे सबंध फोल्डरही आम्ही उचलून ठेवतो. विंडोजमध्ये ते लपवलेले असते. लपलेल्या वस्तू दाखव, असे आधी सांगावे लागते.

मराठी फॉन्ट प्रोग्रामच्या पोटात नसतात. ते कॉम्प्युटरमध्ये वेगळे असतात. म्हणून आवृत्ती बदलली तरी ते राहतात. पण सबंध कॉम्प्युटर पुसायचा झाला, तर तेही जातात. त्यांचीही नक्कल हवी.

जुनी आवृत्ती लगेच काढत नाही. एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही नांदतात. महिनाभर नव्यावर काम नीट झाले, की मग जुनी काढतो.

शेजारचा एक मुलगा गिम्प नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरतो. त्याची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. त्याचीही जुनी प्लगिने तिच्यात तशीच चालेनात. तेव्हा फुकटचा असो की भाड्याचा, वही टांगावीच लागते.

वहीच्या पहिल्या पानावर आम्ही काही शब्द लिहिले आहेत. प्रथम पुण्यस्मरण, ज्ञानेश्वर, क्षत्रिय, कीर्ती, श्रीमंत, मिरवणूक. नवी आवृत्ती घातली, की आधी हे शब्द टाइप करतो. छापून बोट ठेवून वाचतो. त्यानंतरच गिऱ्हाइकाचे काम हातात घेतो.