नुकसानभरपाई आणि नोंदवही

ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या साऊथ डकोटा राज्यात अवेळी हिमवादळ होऊन हजारो गुरे दगावली. पशुहानी भरपाईच्या सरकारी योजनेची मुदत २०११ मध्येच संपली होती. फेब्रुवारी २०१४ च्या कृषी कायद्याने ती पुन्हा सुरू झाली व मागील नुकसानही तिच्यात धरले गेले. नेहमीच्या मरतुकीपेक्षा जास्त दगावलेल्या जनावरांसाठी सरासरी बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम ठरली. उरलेला चौथा हिस्सा पशुपालकाच्याच माथी. पण मेलेले जनावर चार महिन्यांनी दाखवणार कसे? तिथे छायाचित्रे, पशुवैद्याचा दाखला, खरेदीच्या पावत्या हाच पुरावा. आग, पूर आपल्यालाही चुकत नाहीत. म्हणून आम्ही सांगतो : मालाची नोंद रोज करा आणि तिची एक प्रत दुकानाबाहेर, घरी ठेवा.