कोडं बिघडू दे, मने

मने, काल फोनवर तुझा आवाज पार उतरला होता. म्हणे सातवीच्या गणिताचा भाग शिकवून झाला, पण उजळणीला सुरुवात केली की निम्मी पोरं खिडकीबाहेर बघतात. अगं, बघणारच! तोच फळा, तीच उदाहरणं. तुला-मला तरी शिळं ताट दुसऱ्यांदा वाढलेलं आवडतं का? या खेपेला उजळणी तू घेऊच नकोस. पोरांना कोडी रचायला लाव.

हमखास रंगतं ते त्रिकोणी तुकड्यांचं जोडकोडं. पुठ्ठ्यावर मोठा समभुज त्रिकोण काढायचा. प्रत्येक बाजूचे तीन सारखे भाग करून खुणा बाजूंना समांतर रेषांनी जोडल्या की आत नऊ छोटे त्रिकोण होतात. दोन त्रिकोण एकमेकांना टेकतात अशा कडाही नऊच. कडेच्या एका अंगाला उदाहरण, दुसऱ्या अंगाला उत्तर. मग तुकडे कापून, मिसळून दुसऱ्या गटाच्या हवाली करायचे. वह्यांचे जुने पुठ्ठे पुरतात, विकत काही आणू नकोस. फक्त ‘आधी लिहा, मग कापा’ हे फळ्यावर ठळक लिही. माझ्याकडे एका गटाने उत्साहात आधीच कात्री चालवली आणि कुठली कड कुठे लागते हे शोधण्यात अख्खी तासिका गेली.

आता खरी गंमत सांगते. बाहेरच्या काठावरही नऊ कडा उरतात. त्या कोऱ्या सोडल्या तर पोरं गणित न करताच कोरी कड बघून तुकडा काठाला लावतात. म्हणून तिथे फसवी उत्तरं लिहायला सांग. (−७) + ३ चं उत्तर −४, पण काठावर कुठेतरी −१० बसवायचं. ३ चा वर्ग ९, काठावर ६. फसवं उत्तर शोधताना पोराला विचार करावा लागतो की दुसरा नेमका कुठे घसरेल. आणि मने, तो बहुतेकदा स्वतः घसरला होता तीच जागा लिहितो. तुला न विचारता त्याची अडचण कळते.

पहिल्या वर्षी मी एक घोडचूक केली. सगळ्यांच्या उदाहरण-उत्तरांच्या याद्या आधी मागवल्या आणि लाल पेनाने चकाचक करून परत दिल्या. कोडी देखणी झाली, तुकडे खटाखट बसले. चाचणीत मात्र जुन्याच चुका जशाच्या तशा! कारण दुरुस्ती माझी होती, त्यांची नव्हती.

पुढच्या वर्षी हात आवरला. एका गटाने १/२ + १/३ च्या समोर २/५ लिहिलं होतं. रचणाऱ्यांचं कोडं अर्थातच मस्त जुळत होतं. सोडवणाऱ्या गटाने उत्तर काढलं ५/६, आणि तो तुकडा काही सापडेना. लागली जुंपायला. “तुकडा हरवलाय!” “नाही, तुमचं गणित चुकलंय!” मी नुसती उभी. शेवटी मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, “अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली आणि अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली?” सगळे गप्प. छेद समान करा म्हणून मी वर्षभर घसा फोडला असेन, पण ते काम तिच्या एका भाकरीने केलं.

दुसरा बिघाड ठरलेला आहे. एका कडेवर (−३) × ४ आणि दुसरीवर ६ × (−२). दोन्हींचं उत्तर −१२, त्यामुळे एकच तुकडा दोन ठिकाणी बसतो आणि पुढे सगळं अडतं. चूक कुणाचीच नाही, तरी कोडं फसतं. तेव्हा सांगू नकोस, शोधू दे.

तिसरी गोष्ट अटींची. देवळालीच्या शाळेत शिकवायचे ते आपले कापरेकर मास्तर तुला ठाऊकच आहेत. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करत राहा, फार तर सात वेळा केलं की ६१७४ येतं. ३५२४ घे: आधी ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. एका पोराने याचं कोडं केलं. दुसऱ्याने २१११ घेतली, वजाबाकी आली ९९९, पुढच्या पायरीला शून्य! “बाई, कापरेकर चुकले!” कापरेकर कुठले चुकतायत? ०९९९ असं चार अंकी लिहायचं, ही अट कोड्याच्या चिठ्ठीवर नव्हती. कोडं रचणाऱ्या पोराने ती स्वतः लिहिली आणि खाली दोनदा रेघ ओढली.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. चार-चार जणांचे गट, चार तासिका: एकीत यादी, दुसरीत मांडणी आणि कापणी, तिसरीत अदलाबदल, चौथीत दुरुस्ती. ही चौथी कधीच गाळू नकोस. घरी काहीही द्यायचं नाही; नाहीतर प्रकल्प आईचा आणि गुण पोराचे. आकारिक मूल्यमापनात गुण देताना रंगरंगोटीकडे बघू नकोस. दुसऱ्या गटाला कोडं सुटलं का, फसवी उत्तरं विचार करून निवडली का, आणि बिघाड सापडल्यावर नीट दुरुस्त केला का, एवढंच बघ.

आणि हो, आधी रविवारी बसून एक कोडं तू स्वतः रच आणि मला पाठव. त्यात मुद्दाम चूक ठेवायच्या भानगडीत पडू नकोस. एखादी आपोआप राहीलच, ती मी शोधते.